गांजावाल्या म्हातारीचं कार्ड

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना मला कुणी शहाणी समजणार नाही.

छातीत गाठ हाताला लागली तेव्हा मी तिच्यावर हळद लावली. एक-दोन दिवस नव्हे. शेतातून ओली हळद निघाली तेव्हापासून ती शिजून, वाळून, पॉलिश होऊन वसमतच्या बाजारात जाईपर्यंत लावत राहिले. कुरुंद्याच्या पुढं आमचं गाव. त्या दिवसांत आमच्या अंगणात हळद, ओसरीवर हळद, मांजरीचे पायसुद्धा पिवळे. अशा घरातल्या बाईला काय होणार? सगळा मुलुख आमची हळद लावून बरा होतो आणि आम्ही डॉक्टरकडं जायचं? आंबेहळद उगाळायची, वर एरंडाचं पान, वर झंपर. झंपराला डाग पडला तर विचारणार कोण? हंगामात सगळ्याच बायकांचे झंपर पिवळे. लपवायला इतकी सोपी जागा दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात मिळाली नसती.

आणि मजा बघा. त्याच हंगामात गावच्या शाळेत बायकांच्या तपासणीचं शिबिर लागलं. मी बचत गटाची अध्यक्ष. माईक हातात आला की मला भान राहायचं नाही. "बायांनो, लाजू नका, तपासून घ्या, अंगावर काढू नका!" असं मी घसा फुटेस्तोवर ओरडले. सगळ्या बायका रांगेत उभ्या केल्या आणि स्वतः हळद उलथायची आहे म्हणून घरी निघून आले. डोक्यावर पदर, ओठावर भाषण, झंपरात एरंडाचं पान. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी तिच्या पाठीत एक धपाटा घालीन. पण तिला कुठं गाठायची?

केळी

नांदेडच्या दवाखान्यात मला तपासलं ते एक पोरगेलं डॉक्टर होतं. त्यानं झंपर बाजूला केला आणि घाबरून मागं सरकलं. "यांना कावीळ आहे का?" असं माझ्या मुलाला विचारायला लागलं.

माझा मुलगा दिगंबर. एकुलता एक. घरी आम्ही दिगू म्हणतो. तो म्हणाला, "न्हाई साहेब, ती हळद हाये. आमचा धंदाच तो."

"इथं लावलेली?"

दिगूला काही कळेना. त्याला गाठीचं ठाऊकच नव्हतं. त्याला मी सांगितलं होतं की मला धाप लागते. मग मोठ्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी हात लावून बघितलं, काखेत बघितलं आणि विचारलं, "कधीपासून आहे, मावशी?"

"हळद काढायच्या आधीपासून."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भांडले असते, भांडण मला जमतं.  तपासण्या नंतर झाल्या, नावं नंतर कळली. माझा निकाल त्या पेन ठेवण्याच्या आवाजात लागला.

दिगू उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळानं परत आला तर हातात केळीची फणी. मी म्हणाले, "ही कशाला आणलीस?" तो केळ्यांकडं बघत राहिला. आपण काय आणलंय आणि का आणलंय हे त्यालाही सांगता येईना. कुणी आजारी असलं की केळी न्यायची, एवढंच माहीत होतं बिचाऱ्याला. ती फणी मांडीवर घेऊन आम्ही मायलेक बाकावर बसलो. एकानंही सोललं नाही.

बरे दिवस

एक बाजू काढून टाकली. मग सलाइनमधून औषध. ज्यांना त्यातून जायचंय त्यांच्यासाठी सांगते: पहिल्या दिवशी फार भीती वाटते, दुसऱ्या खेपेला बाजूच्या खुर्चीतल्या बाईचं नाव कळतं, तिसऱ्या खेपेला तिच्या सुनेच्या तक्रारी कळतात आणि मग वेळ जातो. आमच्या वॉर्डात एक परभणीकडची बाई होती. टक्कल पडल्यावर मला म्हणाली, "माय, आता आपल्या डोक्यात उवा पडायची चिंता मिटली बघा." त्या हसण्यानं माझे टाके दुखले. पण हसले.

सलाइनच्या खेपा संपल्या, केस परत आले, पांढरे आणि कुरळे. जन्मभर सरळ केस असलेली मी म्हातारपणी कुरळी झाले. नात म्हणाली, "आज्जी, पार्लरला गेलतीस का?" मी पुन्हा गटाच्या मीटिंगला जाऊ लागले. हळद लावली, काढली, विकली. मला वाटलं, मिटलं.

मग कंबर दुखायला लागली. मी म्हणाले, पोतं उचललं असेल. बघा, एकदा ठेच लागूनही बाई सुधारली नाही. पोतं काही नव्हतं. ते दुखणं मणक्यात उतरलं होतं.

या वेळी डॉक्टरबाईंनी पेन ठेवलं नाही, माझा हात धरला. म्हणाल्या, "मावशी, आता हे घालवायचं नाही, सांभाळायचं." मी मान हलवली. दिगूनंही हलवली. सुनेनं, वर्षानं, पदर तोंडावर घेतला. आम्हाला तिघांनाही मराठी येतं.

कापूस

आता मला काय पाहिजे होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यासाठी आहे.

माझी सासू अशीच गेली. पोटात काहीतरी होतं, तेव्हा नाव विचारायची पद्धत नव्हती. ती माजघरात ओरडायची. दिवसा ओरडायची, दिवे लागल्यावर ओरडायची. मी नवी सून, मोठी हुशार. वेचून आणलेला कापूस ढिगानं पडलेला असायचा, त्यातला बोंडभर घेऊन सरकीसकट कानात कोंबायची आणि भाकरी थापायची. एकदा सरकी आतच अडकली, तर गावच्या वैदूकडं जाऊन काढावी लागली. सगळं गाव मला हसलं. मी पण हसले. सासू आत ओरडतच होती.

त्या बाईनं मला पुरणाचा घाट शिकवला, लुगडं नेसायला शिकवलं, माझ्या बाळंतपणात रात्र रात्र जागली. पण आज मी तिला आठवते तेव्हा तिचं ओरडणंच आठवतं. तिचा साधा आवाज कसा होता, मला सांगता येत नाही.

मणक्याचं दुखणं वाढलं तेव्हा नांदेडच्या दुखण्याच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी माझ्यावर उपकार केले, खोटं बोलणार नाही. पण उलट्या सुरू झाल्या, पोट दगडासारखं झालं, गोळी वाढवता येईना. आणि गोळीचा जोर उतरला की मी कण्हायची. नुसतं कण्हणं नाही. मीच माझा आवाज ऐकून दचकायची.

वर्षा पाय दाबायची. पाठीला हात लावू द्यायची सोय नव्हती, म्हणून पायच दाबायची. आमच्याकडं सून सासूला मामी म्हणते. "मामी, पाणी देऊ? मामी, कूस बदलू?" दिवसभर शेतात राबून आलेली बाई. मी म्हणायची, जा झोप. ती जायची नाही.

माझी नात आरोही आठवीत आहे. माझ्या खाटेच्या पलीकडं टेबल टाकून अभ्यास करते. कानात ती गाण्याची वायर घालून बसायची. मला वाटायचं गाणी ऐकते, बरंय, पोरीच्या जातीला विरंगुळा. एक दिवस पाण्याचा तांब्या घ्यायला वळले तर माझी नजर गेली. वायरीचं दुसरं टोक मांडीवर पडलेलं होतं. मोबाइल तिच्या बापाच्या खिशात होता.

पोरगी पुस्तकाचं पान उलटत होती. कानात बोळे घालून.

त्या दिवशी मी ठरवलं. बरं होणं माझ्या हातात नाही. पण या लेकराच्या डोक्यात माझा असला आवाज शिल्लक ठेवून मला जायचं नाही. मला घरीच मरायचंय, आणि गप मरायचंय.

तिकडं कार्ड असतं

माझ्या भावाची मुलगी शिल्पा अमेरिकेत असते. दर रविवारी व्हिडिओवर येते आणि मला तिच्या नाकाचं आतलं दाखवते. फोन कसा धरायचा ते तिला एवढं शिकून कळलं नाही. तीच म्हणाली, "आत्या, इकडं आमच्या शेजारच्या आजीला तुझ्यासारखंच आहे. तिला सरकारनं गांजाचं कार्ड दिलंय."

"कशाचं?"

"गांजाचं. डॉक्टरनं लिहून द्यायचं, राज्य सरकार कार्ड देतं, कार्ड दाखवून दुकानातून औषध आणायचं. तिला झोप लागते, उलट्या थांबल्या."

मी इतकी हसले की पाठीत कळ आली. रेशनचं कार्ड ऐकलं, आधारचं ऐकलं, गांजाचं कार्ड? मी म्हणाले, "दिगू, ऐकलं का? तुझ्या मायला कार्ड काढून दे बरं."

दिगू हसला नाही. जेवत होता, ताट सरकवून उठला.

त्याचं कारण आहे. दिगू आमच्या गावचा पोलीस पाटील. गावात वेडंवाकडं काही झालं तर ठाण्याला कळवायचं, हे त्याचं काम. तीन-चार वर्षांमागं आमच्याच भावकीतल्या बळीरामनं तुरीच्या ओळींत गांजाची झाडं लावली होती. दिगूला कळलं. त्यानं दोन दिवस जेवण सोडलं, मग कळवलं. गाडी आली, झाडं उपटली, बळीरामला नेलं. तो आता जामिनावर आहे, केस चालूच आहे. त्याची बायको कौसा माझी जाऊ लागते. एका विहिरीवर आम्ही दोघींनी धुणं धुतलंय. तेव्हापासून त्यांच्या घरचं हळदीकुंकू आम्हाला बंद.

कौसा आली

ती मागच्या दारानं आली. दिगू घरी नाही हे बघूनच आली. माझ्या खाटेशी बसली, मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"काय गं, पार वाळून खोबरं झालीस की."

"तू बरी आलीस. मला वाटलं, तेराव्यालाच येतीस."

"तेव्हा तुझ्याशी भांडता कसं येईल?" ती म्हणाली. मग पदराची गाठ सोडली. आत कागदाची पुडी. "तुझ्या पोरानं सगळं उपटून नेलं. एवढंच पत्र्यावर वाळत पडलं होतं ते राहिलं. दुधात उकळून घे. आमची म्हातारी ह्याच्यानंच निजायची."

"कौसे, तू मला हे काहून देऊन राहिली?"

"रस्त्यापर्यंत आवाज येतो तुझा," ती म्हणाली. एवढंच. पुडी उशीखाली सरकवली आणि गेली.

आता हे जे मी केलं ते कुणी करू नये म्हणूनच लिहितेय. मी ते दुधात उकळून, गूळ घालून, दीड वाटी प्यायले. दीड वाटी का? तर चव बरी लागली म्हणून. साठी ओलांडलेली, दोनदा दवाखाना पाहिलेली बाई, चव बरी लागली म्हणून प्यायली.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग सरपंचाची बायको भेटायला आली आणि मी तिला तोंडावर सांगितलं की बाई, तुझं डोकं तुझ्या मानेवर नीट बसवलेलं नाही. मग भिंती जवळ येऊ लागल्या. छाती अशी धडधडायला लागली की आता गेलेच. आणि दुखणं? ते तिथंच होतं. फक्त आता मला त्याच्यापासून तोंड फिरवता येत नव्हतं. मी ओरडले, ते सासूसारखी ओरडले. वर्षा माझं डोकं मांडीवर घेऊन बसली, आरोहीनं बापाला बोलावून आणलं.

मी शुद्धीवर आले तेव्हा दिगू उशाशी बसला होता. हातात ती पुडी.

"कुणी दिलं?"

मी भिंतीकडं तोंड केलं.

"बोलू नको. मला ठाऊक हाये." त्यानं पुडी मुठीत आवळली. "माय, ह्याच्यापायी मी काकाला जेलात धाडलं. काकू माझ्याकडं बघत न्हाई. गाव म्हणतं, पाटील घरचा न्हाई राहिला. अन् तेच माझ्या घरात? माझ्या मायच्या उशीखाली?"

"मग काय करू दिगू? सांग ना."

"दवाखान्यात जाऊ. भरती करू."

"तिथं काय करतील? सांभाळतील. मी घरी सांभाळून घ्यायला बसलेय. मला बरं व्हायचं न्हाई रे. मला गप मरायचंय. तुझ्या लेकीच्या कानात माझी बोंब ठेवून जायचं न्हाई मला."

तो म्हणाला, "कायद्यात बसत न्हाई, माय."

मी म्हणाले, "दुखणं तरी कुठं बसतं?"

हे मी त्याला बोलायला नको होतं. तो उठला. पुडी न्हाणीघरात ओतून दिली, वरून बादलीभर पाणी टाकलं. आणि तिथंच दाराला टेकून उभा राहिला, पाठ माझ्याकडं करून. मला वाटलं, रागावला.

खरी वाट

पुढच्या खेपेला मी नांदेडच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. दिगू समोर असताना सांगितलं. त्या आधी मला चांगल्या रागावल्या. शेतातल्या पाल्यात काय किती आहे कुणाला ठाऊक नसतं, तुमच्या गोळ्यांबरोबर ते कसं वागेल सांगता येत नाही, जिवावर बेतलं असतं, असं खूप. मग म्हणाल्या, "तुमच्या भाचीकडं तिकडं असतं तसं कार्ड आपल्याकडं नसतं. पण त्याच झाडाच्या पानांपासून केलेलं आयुर्वेदिक औषध आहे, विजया म्हणतात. वैद्यांनी तपासून लिहून दिलं तर ते घेता येतं. चोरून नाही, उघड. आमच्या गोळ्या चालू ठेवायच्या, आणि दोघांनी मिळून बेतानं द्यायचं. सगळ्यांना गुण येतो असं नाही."

दिगूनं विचारलं, "कायद्यानं चालतं?"

"चालतं."

"लिहून दिलेलं असलं की चालतं?"

"हो."

बाहेर जाऊन तो पुन्हा आत आला. "बाई, नक्की चालतं ना?"

बाईंनी त्यांच्या ओळखीच्या एका वैद्यांचं नाव दिलं, वाशिमला. घरी आल्या आल्या दिगू शेतात निघून गेला. मी आशा सोडली. पण दोन-चार दिवसांनी सकाळी उठले तर त्यानं आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर दोन गाद्या टाकून ठेवल्या होत्या. "चल," म्हणाला. कुठं ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

कनेरगाव नाका

वैद्य शांत माणूस. नाडी बघितली, नांदेडचे सगळे कागद वाचले, डॉक्टरीणबाईंना फोन लावून बोलले. मग नाव, वय, आजार, औषध, सगळं नीट लिहून, सही-शिक्का मारून कागद दिला आणि काळ्या काचेची बाटली. "जिभेखाली दोन थेंब. कमी पडलं तरी स्वतःहून वाढवायचे नाहीत. चव बरी लागली तरी नाही," म्हणाले. दिगूनं दीड वाटीची गोष्ट त्यांना सांगितलेली दिसली.

येताना कनेरगाव नाक्यावर धाब्यापुढं गाडी थांबवली. मला उतरता येत नव्हतं, दार उघडं ठेवून मी गाद्यांवर पडून होते. दिगू बाकड्यावर चहा घेऊन बसला. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली आणि ओळखीचे जमादार उतरले. एरवी दिगू पुढं होऊन नमस्कार करतो. त्या दिवशी बसून राहिला. त्याचा हात शर्टाच्या खिशावर गेला. बाटली तिथं होती.

"पाटील! इकडं कुठं?"

"मायला घेऊन गेलतो."

"काय म्हणते तब्येत?"

बोलला असता, बरी आहे, तर संपलं होतं. कुणी खिसा तपासणार नव्हतं. पण माझ्या मुलानं खिशातून बाटली काढली, बाकड्यावर ठेवली, वैद्यांचा कागद तिच्याशेजारी ठेवला. धाब्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असं बोलला.

"हे बघून घ्या साहेब. गांजाच्या जातीचं औषध हाये. वैद्यानं लिहून दिलंय. माझ्या मायचं हाये."

सगळे वळून बघायला लागले.  अशा वेळी माझं तोंड आपोआप चालतं. गाडीतून मी ओरडले, "जमादारसाहेब, धरायचं असलं तर मला धरा! पण गाद्या संगं घ्या, तुमच्या गाडीला हबके लई बसतात!"

जमादारांनी कागद वाचला. सावकाश, शेवटपर्यंत वाचला. बाटलीला हात लावला नाही. कागदाची घडी घालून दिगूच्या हातात दिली. म्हणाले, "पाटील, चहा थंड होऊन राहिला."

दिगू चहाला शिवला नाही. उठून धाब्यामागच्या पाण्याच्या टाकीकडं गेला. मला गाडीतून दिसत होतं. तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. मग नळ सुरूच ठेवून दोन्ही हातांत तोंड धरून उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलत होते. बाप गेला तेव्हा रडला नव्हता हा. लोकांना पाणी देत फिरला होता. आईला उठून जाता येत नाही, पदरानं तोंड पुसून देता येत नाही, आणि मधे चाळीस पावलांचं अंतर आहे, हे कुठल्या गोळीनं भागतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तो आला, बसला, गाडी सुरू केली. हिंगोली आली. मग आरशात बघून म्हणाला, "हबके बसून राहिले का, माय?" मी म्हणाले, "न्हाई. मजेत हाये."

कार्ड

आता कार्डाचं सांगते. शिल्पाला मी म्हणाले, तुमच्याकडं कार्ड, आमच्याकडं नुसता कागद, ही काय बराबरी झाली? म्हणून आरोहीनं वसमतला झेरॉक्सच्या दुकानात नेऊन त्या कागदाला लॅमिनेशन करून आणलं. तिच्या शाळेच्या आयकार्डाची जुनी निळी दोरी त्याला लावली. मी ते गळ्यात घालून भेटायला येणाऱ्यांना दाखवते. "या, बसा, मी सरकारमान्य गांजावाली." सरपंचाची बायको बसत नाही, उभ्यानंच बोलते. पुढच्या खेपेला वैद्यांना त्यावर नवी तारीख लिहायची होती, तर प्लॅस्टिकवर पेन उमटेना. त्यांनी नवा कागद दिला आणि म्हणाले, याला काही गुंडाळू नका. तुमच्यात कुणी असं औषध घेत असलं तर एवढं लक्षात ठेवा: मूळ कागद साधाच ठेवा, आणि बाटली जिथं जाईल तिथं तो जाऊ द्या.

आणखी एक. डॉक्टरांपासून लपवू नका. हळद लावली असली तर सांगा, पाला प्यायला असाल तर सांगा. ते रागावतात, पण हाकलत नाहीत. मी चमत्कार झाला असं म्हणणार नाही. उलट्या कमी झाल्या, दोन घास जातात. दुखणं गेलं नाही. जरा लांब जाऊन बसतं, तिथून बघत असतं. कधी दिवसभर जवळ येत नाही, कधी थेंब पडले तरी उठून येतं. हाडं आतून पोखरत चाललीत हे मला ठाऊक आहे. पुढची हळद लावतील ती मी बघीन. निघताना बघीन की नाही, ते कुणी बोलत नाही.

कौसा परत आली. या वेळी पुढच्या दारानं. दिगू ओसरीवर होता, त्यानं उठून तिला जागा दिली. ती त्याच्याकडं न बघता आत आली. माझ्या गळ्यातलं कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं. तिला वाचता येत नाही.

"झाड तर तेच ना?" म्हणाली.

"तेच."

"तुला कागद भेटला, माय. आमाला तारीख भेटती."

  मी तिचा हात धरून ठेवला आणि तिनं तो काढून घेतला नाही. ओसरीवर दिगूनं सगळं ऐकलं होतं. त्यानं मान खाली घातली, ती कौसा जाईपर्यंत वर केली नाही.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी एवढं सगळं लिहिलं. वाशिमहून आलो त्या रात्री वर्षानं जिभेखाली दोन थेंब टाकले, कडू आणि तेलकट. मी देवाचं नाव घेतलं, कौसाचं घेतलं, आणि पुढचं मला काही आठवत नाही. डोळे उघडले तर उन्हं खाटेवर आलेली. मी घाबरले, वाटलं मेले की काय. बघते तर आरोही शाळेचा ड्रेस घालून उशाशी बसलेली, डोळे लाल, वेणी अर्धी घातलेली. मी विचारलं, "काय झालं गं? मी ओरडले का?" तेव्हा ती जे बोलली ते तसंच्या तसं लिहिते.

"न्हाई आज्जी, तू घोरलीस. इतकी मोठ्यांदा घोरलीस की आमी सगळे जागे झालो. मम्मी म्हणली, मामींची कूस बदलते, म्हणजे घोरणं थांबंल. तर बाबा इथं खाली मांडी घालून बसले होते, ते म्हणले, हात लावू नको तिला. घोरू दे. मी ऐकून राहिलो."